घड्याळाची कंपनी विकली, आता घड्याळाचं काय?

सेनगावातून पहाटे हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. मुलांचं लक्ष १६०० मीटरच्या वेळेवर, मुलींचं ८०० मीटरच्या. पूर्वी एक जण कडेला मोबाइल धरून वेळ मोजायचा. आता बऱ्याच मनगटांवर स्मार्टवॉच असतं. किती धावलो, किती वेळात, हृदयाचे ठोके किती झाले, हे सगळं त्यात साठत जातं. घरच्यांकडून पैसे मागून घेतलेली ही वस्तू असते, म्हणून तिची काळजीही तितकीच असते.

आणि मग एखाद्या दिवशी कानावर येतं की घड्याळ बनवणारी कंपनी अडचणीत होती, ती दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. ऐकणारा म्हणतो, "बरंच झालं की, मोठ्यानं घेतली म्हणजे आता सेवा चांगली मिळेल." कधी तसं होतं, कधी अजिबात होत नाही. नेमकं काय होईल, हे विक्रीत काय काय दिलं-घेतलं गेलं यावर ठरतं. तो व्यवहार टप्प्याटप्प्यानं कसा चालतो आणि त्यात आपल्या हातातल्या घड्याळाचं काय होतं, ते आपण सावकाश पाहू.

आधी घड्याळाचे तीन भाग

स्मार्टवॉच ही दिसायला एक वस्तू, पण ती तीन ठिकाणी वसलेली असते. पहिला भाग मनगटावरचा: काच, बॅटरी, ठोके मोजणारा सेन्सर. हा पूर्णपणे आपला.

दुसरा भाग आपल्या फोनमधलं ॲप. ते फोनमध्ये असतं, पण त्यात सुधारणा करत राहणं कंपनीच्या हातात असतं. फोनची प्रणाली बदलली आणि ॲप जुनंच राहिलं, तर हळूहळू दोघांचं जमेनासं होतं.

तिसरा भाग सर्व्हर, म्हणजे कंपनीचा दूर कुठेतरी चालू असलेला मोठा संगणक. आपलं खातं, धावण्याच्या नोंदी, हवामानाची माहिती, घड्याळाचे नवे चेहरे तिथून येतात. त्याचं वीजबिल आणि भाडं कंपनी दर महिन्याला भरते. कंपनीचे पैसे संपले की पहिला धोका याच भागाला असतो.

पहिला टप्पा : कंपनीचा पैसा आटतो

हा व्यवहार समजायला पेबल या कंपनीची हकिगत सगळ्यात उपयोगी आहे, कारण तिचा प्रवास पहिल्या दिवसापासून लोकांसमोर झाला. एरिक मिजिकोव्हस्की या कॅनडाच्या तरुण अभियंत्यानं एप्रिल २०१२ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर घड्याळाची कल्पना मांडली. किकस्टार्टरवर वस्तू तयार होण्याआधीच लोक पैसे भरतात आणि त्या पैशातून वस्तू बनते. त्यांना हवे होते १ लाख डॉलर. ते दोन तासांत जमले. शेवटी ६८,९२९ लोकांनी मिळून १ कोटी २ लाखांहून जास्त डॉलर दिले.

घड्याळ साधं होतं. कागदासारखा दिसणारा, उन्हातही वाचता येणारा पडदा आणि एकदा चार्ज केलं की आठवडाभर चालणारी बॅटरी. सप्टेंबर २०१२ चा वायदा होता, ती घड्याळं जानेवारी २०१३ पासून लोकांच्या हातात पडू लागली. उशीर झाला, पण माल आला आणि लोकांना आवडला. २०१५ मध्ये नव्या मॉडेलसाठी ७८ हजारांहून जास्त लोकांनी २ कोटी ३ लाख डॉलर दिले. पुढे पेबलची विक्री वीस लाख घड्याळांच्या वर गेली.

मग हीच कंपनी अडचणीत कशी आली? एप्रिल २०१५ मध्ये ॲपलचं घड्याळ बाजारात आलं. दुसऱ्या बाजूनं फिटबिटचे व्यायामाचे पट्टे खपत होते. पेबलनं आपली ओळख बदलण्याचा प्रयत्न केला, आधी कामकाजाचं घड्याळ, मग व्यायामाचं. बरीच वर्षं उलटल्यावर, २०२२ मध्ये, मिजिकोव्हस्की यांनी स्वतः मोकळेपणानं लिहिलं की लोकांना काय हवं हे ठाऊक असलेली वस्तू सोडून, लोकांना हवी असेल अशी नुसती आशा असलेली वस्तू आम्ही बनवू लागलो. मार्च २०१६ मध्ये कंपनीनं ४० जणांना, म्हणजे सुमारे पाव कर्मचाऱ्यांना, घरी पाठवलं.

या टप्प्यावर आपली चूक कुठे होते? कंपनी अडचणीत असतानाच मोठी सूट आणि आगाऊ नोंदणीच्या जाहिराती वाढतात. पेबलनं मे २०१६ मध्ये पुन्हा लोकांकडे पैसे मागितले. ६६ हजारांहून जास्त लोकांनी १ कोटी २७ लाख डॉलर भरले. त्यातल्या बऱ्याच जणांना ते घड्याळ कधीच मिळालं नाही. हातात वस्तू येण्याआधी पूर्ण पैसे भरायचे असतील, तर कंपनीची तब्येत आधी विचारावी.

दुसरा टप्पा : घेणारा येतो आणि हिशोब तपासतो

विकत घेणारी कंपनी लगेच पैसे मोजत नाही. आधी ती सगळी कागदपत्रं तपासते: देणी किती, कोर्टात दावे किती, पेटंट कोणाच्या नावावर, किती ग्राहकांना माल द्यायचा राहिला आहे. आपण जमीन घेताना सातबारा काढतो, फेरफार पाहतो, शेजाऱ्याला बांधाचं विचारतो, तसंच हे.

मोठा स्पर्धक लहान कंपनीला का घेतो, हेही इथंच कळतं. कधी त्याला ग्राहक हवे असतात, कधी दुकानांचं जाळं, कधी नाव. पुष्कळदा मात्र त्याला हवे असतात फक्त तिथले कुशल अभियंते आणि त्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर. ही गरज कोणती, यावर आपल्या घड्याळाचं नशीब ठरतं. ज्याला फक्त माणसं हवीत, त्याला जुनी घड्याळं सांभाळण्यात रस नसतो.

तिसरा टप्पा : काय विकायचं ते ठरतं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि गैरसमजही इथलाच. कंपनी विकण्याच्या ढोबळमानानं दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत म्हणजे समभाग, अर्थात कंपनीच्या मालकीचे हिस्से विकणं. हे अख्खं घर घेण्यासारखं आहे. घर, अंगण, विहीर आणि सातबाऱ्यावरचा बोजा, सगळं नव्या मालकाच्या माथी येतं. कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो. म्हणून तिनं दिलेली वॉरंटीही तिच्यावर बंधनकारक राहते.

दुसरी पद्धत म्हणजे मालमत्ता विकणं. यात घेणारा म्हणतो, मला फक्त बैलजोडी आणि मळणीयंत्र द्या. घर आणि कर्ज तुमच्याकडेच राहू द्या. तो निवडून वस्तू घेतो. उरलेली कंपनी जुन्या देण्यांसह मागे राहते आणि पुष्कळदा बंद पडते. वॉरंटी ही त्या मागे राहिलेल्या कंपनीनं दिलेली असते.

पेबलच्या बाबतीत दुसरी पद्धत झाली. घेणारी होती वर आलेली स्पर्धक कंपनी फिटबिट. तिनं सॉफ्टवेअर, त्यावरचे हक्क आणि काही कर्मचारी घेतले. घड्याळं, त्यांचा साठा आणि वॉरंटी घेतली नाही. या व्यवहाराची किंमत सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर होती. त्याच वर्षी लोकांनी नव्या घड्याळांसाठी आगाऊ भरलेल्या रकमेशी ही किंमत ताडून पाहिली, तर कंपनी किती खाली आली होती ते लक्षात येतं.

चौथा टप्पा : घोषणा होते

७ डिसेंबर २०१६ ला पेबलनं जाहीर केलं की यापुढे घड्याळं बनणार नाहीत आणि वॉरंटीची सेवाही मिळणार नाही. ज्यांनी नव्या मॉडेलसाठी पैसे भरले होते पण माल मिळाला नव्हता, त्यांना पैसे परत देण्याचं ठरलं.

अशी घोषणा वाचताना मथळ्यावर थांबू नये. तीन गोष्टी शोधाव्यात. वॉरंटी कोण पाळणार? ॲप आणि सर्व्हर कोणत्या तारखेपर्यंत चालणार? आपल्या नोंदी कोणाकडे जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं घोषणेत नसतील, तर कंपनीला ई-मेल करून लेखी विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.

घाबरून केली जाणारी एक चूक इथं आवर्जून सांगतो. बातमी ऐकली की काही जण घड्याळ 'रिसेट' करतात, म्हणजे नव्यासारखं कोरं करतात, किंवा ॲप काढून पुन्हा टाकतात. तसं करू नये. पुन्हा जोडताना बहुतेक घड्याळं सर्व्हरला विचारतात. सर्व्हर बंद झाला असेल, तर चांगलं चालणारं घड्याळही जोडणीच्या पडद्यावरच अडकून बसतं.

पाचवा टप्पा : सर्व्हरची मुदत

विक्रीनंतर सर्व्हर लगेच बंद होत नाही. घेणारी कंपनी काही काळ तो चालवते. पेबलच्या लोकांनी या काळात एक चांगलं काम केलं. २०१७ मध्ये त्यांनी ॲपमध्ये अशी सुधारणा केली की सर्व्हर उद्या बंद झाला, तरी वेळ दाखवणं आणि फोनवरच्या सूचना देणं चालू राहावं. फिटबिटनं सर्व्हर ३० जून २०१८ पर्यंत चालवला.

त्या तारखेनंतर काय गेलं? घड्याळांसाठीच्या छोट्या ॲपचं दुकान, बोलून मजकूर लिहिण्याची सोय आणि इंटरनेटवरून येणाऱ्या अशाच काही सोयी. मनगटावरचा भाग मात्र शाबूत राहिला. वर सांगितलेले तीन भाग का वेगळे ओळखायचे, ते इथं दिसतं.

पुढे पेबल वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन 'रिबल' नावाची पर्यायी सेवा उभी केली आणि बंद झालेल्या बऱ्याच सोयी परत आणल्या. प्रत्येक घड्याळाला असे जिवाभावाचे वापरकर्ते मिळत नाहीत, त्यामुळे या आशेवर बसून राहू नये.

सहावा टप्पा : घेणाराही विकला जाऊ शकतो

१ नोव्हेंबर २०१९ ला गूगलनं फिटबिटला सुमारे २१० कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं. इथं मोठा प्रश्न आला तो लोकांच्या नोंदींचा. कोट्यवधी लोकांची झोप, चाल आणि हृदयाचे ठोके जाहिराती विकणाऱ्या कंपनीकडे जाणार होते. युरोपीय आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये अटी घालून परवानगी दिली. मुख्य अट अशी की युरोपातल्या ग्राहकांच्या आरोग्याच्या नोंदी गूगलनं दहा वर्षं आपल्या जाहिरातींसाठी वापरू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

पेबलचं सॉफ्टवेअर असं दोन हात बदलून गूगलकडे आलं. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं ते सर्वांसाठी खुलं केलं आणि मिजिकोव्हस्की यांनी त्याच आधारावर पुन्हा घड्याळं बनवायला घेतली. विकली गेलेली वस्तू आठ वर्षांनी मूळ कारागिराच्या हाताशी आली. हे घडलं, कारण घेणाऱ्यानं सॉफ्टवेअर कुलपात ठेवण्याऐवजी खुलं केलं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

भारतात कंपनीला कर्ज फेडता येईना, तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जातं. ही फक्त कंपन्यांची प्रकरणं पाहणारी न्यायव्यवस्था आहे. कारभार एका नेमलेल्या तज्ज्ञाकडे जातो. कर्ज देणाऱ्या बँकांची समिती बसते आणि कंपनी घ्यायला पुढे आलेल्यांच्या योजना तपासते. कायद्यानं यासाठी १८० दिवस आणि फार तर ३३० दिवस दिले आहेत, पण प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ जातो.

आपल्या भागाला जवळचं उदाहरण सोयाबीन तेलाचं. रुची सोया ही मोठी तेल कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा अदानी विल्मर आणि पतंजली हे दोघेही स्पर्धक तिला घ्यायला आले. अदानी विल्मरनं माघार घेतली आणि २०१९ मध्ये पतंजलीनं ४,३५० कोटी रुपयांची योजना मंजूर करून घेतली. कंपनी अख्खी गेली, न्यूट्रेला हे नाव चालू राहिलं आणि २०२२ मध्ये कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं. घरच्या भाजीतल्या सोया वड्यांना त्यामुळे काही फरक पडला नाही.

दुसरं उदाहरण मराठवाड्याचंच. व्हिडिओकॉनचे टीव्ही आणि फ्रिज छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात बनत. ही कंपनी २०१८ मध्ये या प्रक्रियेत गेली. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे ६४ हजार कोटींच्या वर होते. जून २०२१ मध्ये वेदांता समूहातल्या कंपनीची २,९६२ कोटींची योजना मंजूर झाली, म्हणजे रुपयामागे पाच पैशांहूनही कमी. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द केली. बँकांच्या पदरात इतकं कमी पडायचं असेल, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या ग्राहकाला काय मिळणार, याचा अंदाज आपणच करावा.

ही रांग कायद्यातच ठरलेली आहे. कंपनी मोडीत काढली, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण ठेवून कर्ज दिलेले, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, आणि त्यानंतर उरलेले. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक सहसा या शेवटच्या गटात येतो. तरीही आपला दावा नोंदवावा. नेमलेला तज्ज्ञ वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. त्यात दिलेल्या मुदतीत, आपल्या गटासाठी ठरवून दिलेल्या फॉर्ममध्ये दावा पाठवता येतो. मुदत चुकणं ही इथली नेहमीची चूक आहे.

आपण काय करावं, क्रमानं

एक. बिल शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. उन्हात आणि खिशात बिलावरची अक्षरं उडून जातात. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का, ते खरेदीच्या दिवशीच पाहावं.

दोन. ॲपमधल्या नोंदी उतरवून घ्या. बहुतेक ॲपमध्ये सेटिंग किंवा खात्याच्या भागात 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड डेटा' असा पर्याय असतो. नसेल, तर महत्त्वाच्या पडद्यांचे फोटो घ्या. हे काम सर्व्हर चालू असतानाच होतं.

तीन. घड्याळात बिघाड असेल, तर बातमीची वाट न पाहता वॉरंटीत दुरुस्तीला द्या आणि पोचपावती घ्या. व्यवहार पूर्ण होण्याआधी दिलेली तक्रार नंतरच्या तक्रारीपेक्षा जास्त वजनाची ठरते.

चार. तक्रार ऐकली जात नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथं भागलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. हा कायदा आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देतो. म्हणजे सेनगावच्या माणसानं हिंगोलीला जावं; कंपनीच्या गावी बेंगळुरूला किंवा दिल्लीला नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते.

पाच. तक्रारीत विकणाऱ्या दुकानदारालाही पक्षकार करता येतं, हे लक्षात ठेवा. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिच्याविरुद्धचे खटले त्या काळापुरते थांबतात. दुकानदार त्या प्रक्रियेत नसतो. मात्र आपल्या बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदाराचेही पैसे त्या कंपनीकडे अडकलेले असू शकतात, म्हणून आधी त्याच्याशी बसून बोलावं. पुष्कळदा तोच बदली घड्याळ किंवा दुरुस्तीची वाट काढून देतो.

सहा. फोनवर येणाऱ्या 'रिफंड'पासून सावध राहा. कंपनी विकल्याची बातमी पसरली की "आपले पैसे परत मिळणार, ओटीपी सांगा" असे फोन येऊ शकतात. खरा परतावा ओटीपी विचारून मिळत नाही. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या सायबर मदतवाहिनीला कळवा.

सात. नव्या मालकाचं ॲप 'अटी मान्य करा' असं विचारेल, तेव्हा घाईनं बोट दाबू नका. आरोग्याच्या नोंदी कुणाला देणार, जाहिरातींसाठी वापरणार का, एवढं तरी वाचा. पटलं नाही, तर नोंदी उतरवून घेऊन मगच खातं मिटवा. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात दिला आहे.

नवं घड्याळ घेताना

दुकानात उभं असतानाच एक छोटी परीक्षा करता येते. दुकानदाराला फोनचं इंटरनेट बंद करून घड्याळ चालवून दाखवायला सांगा. पावलं मोजली जातात का, धावण्याची वेळ लागते का, कालची नोंद दिसते का? जितकं जास्त चालेल तितकं ते घड्याळ आपलं. इंटरनेट जाताच ज्याचं निम्मं काम थांबतं, ते घड्याळ निम्मं कंपनीचं आहे आणि कंपनी विकली गेली तर ते निम्मं कुठे जाईल, हे आपल्या हातात नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना आणखी एक सांगतो. रोज धावून आलात की १६०० किंवा ८०० मीटरची वेळ तारखेसह साध्या वहीत लिहा. ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. मैदानावर आपली चाचणी होईल, त्या दिवसापर्यंत घड्याळाची कंपनी कोणाच्याही नावावर गेली, तरी किती सुधारणा झाली हे त्या वहीत आपल्याच अक्षरात असेल.